पेट्रोलला वारा, डिझेलला साबण

गॅरेजमधून, पंपावरून किंवा मासेमारीच्या ट्रॉलरवरून माणूस घरी आला की त्याच्यासोबत वासही उंबरठा ओलांडतो. मग घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. कोणी लिंबू सुचवतो, कोणी खायचा सोडा, कोणी व्हिनेगर. पण नेमके काय सांडले होते, पेट्रोल की डिझेल, हे फारसे कोणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच हवा.

दोन्ही कच्च्या तेलातूनच येतात, पण पेट्रोल हलके असते. साध्या तापमानालाही ते भराभर उडते. डिझेलमधले घटक जड असतात आणि साधारण १८० ते ३६० अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळतात, त्यामुळे ते कापडाच्या धाग्यात ठाण मांडून बसते. पेट्रोल लागलेला शर्ट मोकळ्या वाऱ्यावर टांगला तर वास बराचसा आपोआप जातो. डिझेल लागलेला शर्ट आठवडाभर टांगला तरी वास राहतो, कारण तेलच तिथे असते. ते साबणानेच काढावे लागते.

सोडा वास ‘मारतो’ हा समज आंबट वासांपुरता बरोबर आहे, कारण सोडा आम्लाशी क्रिया करतो. इंधन म्हणजे हायड्रोकार्बन. ते ना आम्ल, ना अल्कली. म्हणून सोडा आणि व्हिनेगर दोघांनाही त्याच्याशी झुंजायला काही मिळत नाही. ओल्या डागावर सोडा भुरभुरला तर थोडे तेल शोषले जाते, पण ते काम बेसन किंवा टाल्कम पावडरही करते. लिंबाच्या रसाचीही तीच गत. सालीतले तेल मात्र इंधन थोडेफार विरघळवते, त्यामुळे पिळलेली फोड चोळणारे अगदीच चुकत नाहीत. फक्त लिंबाचा रस हातावर तसाच ठेवून उन्हात जाऊ नये, कातडीवर चट्टे उठू शकतात. अत्तर आणि डिओडरंट वासावर पांघरूण घालतात, एवढेच.

सगळ्यात घातक समजूत गॅरेजमध्येच दिसते: हाताचे ग्रीस पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे. ग्रीस निघते, हे खरे. पण त्यासोबत कातडीचे स्वतःचे तेलही निघते, हात फुटतात, खाज आणि इसब मागे लागतो. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते माणसात कर्करोग घडवते, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद नाही. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे ते शून्य नाही.

तेल तेलात विरघळते, तेव्हा हातासाठी घरातले खोबरेल पुरते. कोरड्या हातावर ते मिनिटभर चोळावे, चिंधीने पुसावे आणि मग भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात हात धुवावेत. आधी पाणी लावले तर तेलाची पकड कमी होते. वास बहुधा नखांखाली आणि भेगांत लपलेला असतो, म्हणून जुना टूथब्रश कामी येतो. धुण्याची पावडर, राख किंवा वाळू घासून हात ‘स्वच्छ’ करणाऱ्यांच्या कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी इंधन अधिकच झोंबते.

कपड्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न वासापुरता उरत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, बंद जागेत साठते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून ‘मशीनमध्ये टाक, गरम पाणी लाव’ हा सल्ला धोक्याचा आहे. मशीनमध्ये विजेची उपकरणे असतात आणि गरम पाण्याने वाफ वाढते. ड्रायर आणि इस्त्री तर वास पूर्ण जाईपर्यंत नकोतच. कपडे आधी बाहेर, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, चांगले वाळू द्यावेत. डागावर भांड्यांचे लिक्विड जिरवावे, मग घरच्या कपड्यांपासून वेगळे बादलीत साध्या पाण्यात भिजवून धुवावेत. डिझेल जायला दोन-तीनदा धुवावे लागते, त्यात कपड्याचा दोष नाही.

कपडे पेट्रोलने चिंब झाले असतील तर ते घाईत डोक्यावरून ओढून काढू नयेत. कापड घासून स्थिर विजेची ठिणगी उडू शकते. आधी अंगावर भरपूर पाणी ओतावे, मग कपडे उतरवावेत. तसेच अंगावर ठेवले तर कातडी भाजल्यासारखी होते.

‘लाँड्रीवाले पेट्रोल वॉश करतात, मग घरी का नको?’ असेही विचारले जाते. नाव पेट्रोलचे असले तरी लाँड्रीत बहुधा मिनरल टर्पेंटाइनसारखा विद्रावक वापरतात. तो पेट्रोलइतक्या सहज पेट घेत नाही. पैठणीवरचा डाग काढायला गाडीच्या टाकीतले पेट्रोल आणणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण.

आणि वास गेला की नाही, हे काम करणाऱ्याने स्वतः ठरवू नये. दिवसभर त्याच वासात राहिल्यावर नाक तो टिपणे सोडून देते. शर्ट घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नाकाखाली धरावा.