जुन्या वाड्याला सिमेंट नको
वाडा दुरुस्त करायचा तर कंत्राटदाराला दराआधी विचारा: गिलावा कशाचा? 'सिमेंटचा, एकदम मजबूत' म्हणाला, तर दुसरा शोधा. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्या काळच्या विटा-मातीच्या भिंती जमिनीची ओल शोषतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकतात. सिमेंट ती वाटच बुजवतं. मग ओल आत साचते, विटा भुसभुशीत होतात, भिंतीत टेकलेली तुळई कुजते. चुना वेळखाऊ, हे खरंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश घट्ट होतो. पण पावसाळ्यामागून पावसाळा पोपडे खरवडण्याचा खर्च कोण मोजतो? चुन्याचे जाणते गवंडी कमी उरलेत, म्हणून आधी हातभर भिंत करून घ्या. बाकीचं काम ती वाळल्यावर ठरवा.