व्हीआर हेडसेट लावून लैंगिक दृश्यं पाहताना मनात काय होतं? संशोधनात काय दिसलं?

मोबाइलवर लैंगिक दृश्य पाहणं आणि तसंच दृश्य व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवून पाहणं, यात फरक काय? चित्र फक्त मोठं दिसतं का?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी हेच तपासलं. 50 निरोगी पुरुषांना त्यांनी सलग दोन दिवस प्रयोगशाळेत बोलावलं. एकदा साधी फिल्म दाखवली, एकदा व्हीआर. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

व्हीआरमध्ये समोरची व्यक्ती आपल्या डोळ्यांत बघतेय, आपण तिला हवे आहोत, असं त्यांना जास्त वाटलं. ही नजरानजर आणि लाळेतलं ऑक्सिटोसिन यांचाही संबंध दिसला. ऑक्सिटोसिनला 'लव्ह हार्मोन' म्हणायची फॅशन आहे, पण एवढ्यावरून प्रेमबिम सिद्ध होत नाही.

असं का होतं?

साध्या पडद्यासमोर आपण प्रेक्षक असतो. हेडसेट दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवतो, मान वळवली की दृश्यही फिरतं. कॅमेरा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी असला, तर कलाकाराची नजर थेट आपल्यावर येते. सगळं खोटं आहे हे माहीत असूनही छाती धडधडते.

म्हणून संशोधकांना हे साधन सोयीचं वाटतं. 'काय वाटलं?' असं विचारलं की लोक संकोचतात. हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, नजर कुठे थांबली, हे मात्र मोजता येतं. अर्थात, ठोके वाढले ते आवडलं म्हणून, घाबरून की किळस येऊन, हे यंत्र सांगत नाही. ते विचारावंच लागतं.

जळगाव-धुळ्यात असा प्रयोग केला तर?

हॅम्बुर्गच्या 50 पुरुषांवरून खान्देशातल्या तरुणांबद्दल, त्यातही मुलींबद्दल, काहीच ठरवता येणार नाही. त्यासाठी इथेच अभ्यास हवा. समजा, जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तो करायचा ठरला, तर आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागेल आणि सहभागींची संमतीही. तीही त्यांना समजेल अशा भाषेत. अहिराणी बोलणाऱ्याची इंग्रजी फॉर्मवर नुसती सही घेऊन भागणार नाही. मध्येच हेडसेट काढून घरी जायची मुभाही हवी.

खरी काळजी आहे ती नोंदींची. 1994 मध्ये उघड झालेल्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणात फोटो आणि चित्रफितींचा धाक दाखवून महिलांना ब्लॅकमेल केल्याचे आरोप झाले होते. व्हीआर प्रयोगात सहभागीचं शूटिंग करावं लागत नाही, नावही काढून टाकता येतं. पण स्टॅनफर्डच्या 2020 च्या अभ्यासात 511 जणांपैकी 95 टक्के लोक फक्त डोकं आणि हात कसे हलतात यावरून ओळखले गेले, तेही माणशी पाच मिनिटांहून कमी नोंदीवर.

म्हणजे फॉर्मवरचं नाव खोडलं, तरी मान वळवायची लकब मागे उरते. सही करण्याआधी विचारायला हवं, ही मूळ नोंद कोणाकडे राहणार आणि कधी पुसली जाणार?