विहिरीतला पोहणारा समुद्रात उतरतो तेव्हा

आमच्या निरवांगीला नीरेचे पात्र आणि मळ्यातल्या विहिरी. समुद्र मी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला. पण बुडी मारण्यात आमची वस्ती कोणाला हार जाणार नाही. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून आम्ही पोहायला शिकलो. कोणाची कळशी विहिरीत पडली की माझ्या चुलतभावाला, दादाला, हाक येते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मालवणला स्कुबा डायव्हिंगसाठी जाणार आहोत. त्यासाठी ग्रंथालयात बसून वाचले, तेव्हा कळले की विहिरीने शिकवलेला पहिलाच धडा समुद्रात जिवावर बेतू शकतो.

तो धडा श्वासाचा. विहिरीत आपण छातीभर हवा घेऊन खाली जातो आणि वर येईपर्यंत ती सोडत नाही. ही हवा खाली आक्रसते, वर येताना पूर्ववत होते; अपाय होत नाही. स्कुबात मात्र पाठीवरच्या टाकीतून हवा मिळते ती त्या खोलीच्या दाबाची. 10 मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून, श्वास कोंडून कोणी वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही, सावकाश चालू ठेवायचा. दादा हसतो. "दम धरण्यात उभी हयात गेली, आणि आता म्हणे दम धरू नको!" मला भीती त्याचीच वाटते. घाबरलेला माणूस ऐकलेले करीत नाही, सवयीचे करतो.

कानाचे तसेच. दहावीत असताना मी हट्टाने तळ गाठला आणि आठवडाभर एका कानाने ऐकू येईना. घरचे म्हणाले, पाणी गेले. खरे कारण दाबाचे होते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर घातली की कानाच्या पडद्यावरचा ताण जातो. पण ती दुखण्याआधी, थोडे थोडे उतरत घालायची. सर्दी असेल तर उतरूच नये.

थंड देशांतल्या पाणबुड्यांनाही उष्ण समुद्रात सवयी बदलाव्या लागतात. त्यांचा जाड रबरी पोशाख तरंगतो, म्हणून ते कमरेला बरेच शिसे बांधतात. कोमट समुद्रात पातळ पोशाख घालून तेवढेच शिसे बांधले, तर दगडासारखे तळाला जायचे. आमचे थोडे उलटे. खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे ते माणसाला अधिक उचलते. 70 किलोच्या माणसाला विहिरीपेक्षा जवळपास 2 किलो शिसे जास्त लागेल. हा हिशेब प्रशिक्षकावर सोडावा. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. तिथल्या प्रवाळाला हातही लावू नये. कळशी काढायची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे!

राहिला परतीचा प्रवास. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. दाब एकदम उतरला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. म्हणून एका बुडीनंतरही विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास थांबावे असा संकेत आहे. आम्हाला विमान कुठले! पण आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे, आणि घाट चढणे म्हणजेही दाब कमी होणे. आमची बुडी उथळच असेल, धोका थोडा. तरी मी रात्रभर मालवणात थांबू म्हणतो. दादा म्हणतो, मुक्कामाचे पैसे वाचवू, संध्याकाळची एस.टी. धरू. हा वाद अजून मिटलेला नाही.