‘अज्ञान’ मुलाला काय कळते? : ताब्याचा वाद आणि दोन कादंबऱ्या

घटस्फोटित आईवडिलांमधील मुलाच्या ताब्याचे वाद वर्षभर चालू असले, तरी उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर त्यांना विशेष धार येते. ज्याच्याकडे मूल राहत नाही तो सुटीतील काही दिवस, पुष्कळदा निम्मी सुटी, मागतो. या मागणीला विरोध करताना हेळसांडीचा आरोप पुढे येतो : गेल्या सुटीत मूल तापाने फणफणून परतले, औषध वेळेवर दिले गेले नाही, दिवसभर ते शेजाऱ्यांवर सोपवले होते. प्रतिज्ञापत्राला प्रतिज्ञापत्राने उत्तर मिळते. यांतील काही आरोप खरे असतात आणि त्यांची तपासणी व्हावीच लागते. परंतु या लेखनप्रकारात मूल हा विषय असतो. बोलणारे मोठेच असतात.

मराठीच्या व्यवहारभाषेत ही मर्यादा शब्दांतच उमटलेली आहे. ‘ताबा’ हा शब्द जमिनीला आणि मुलाला एकच. जुन्या दस्तऐवजांत वयात न आलेल्या व्यक्तीला तर ‘अज्ञान’ असेच म्हटले जाते. प्रत्यक्ष कायदा मात्र याहून उदार आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ नुसार, विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ देखील, शक्य तेथे, मुलांच्या इच्छेचा मान राखते. प्रश्न असा की, मुलाची इच्छा आणि त्याचे ज्ञान ऐकू यावे कसे?

या प्रश्नाचा विचार दोन कादंबऱ्यांनी केला आहे. हेन्री जेम्स यांच्या १८९७ च्या ‘व्हॉट मेझी न्यू’ या कादंबरीचे शीर्षकच ‘अज्ञान’ या संज्ञेला छेद देणारे आहे. मेझीला काय कळले, हाच तिचा विषय. मेझीची वाटणी सहा-सहा महिन्यांची. एकाची निंदा दुसऱ्याकडे पोचवण्याचे साधन म्हणून दोघेही तिला वापरतात. हे उमगताच ती निरोप सांगणे थांबवते आणि मोठी माणसे तिला मंद समजू लागतात. पुढे वादाची दिशाच उलटते : मूल आपल्याकडे ओढणारे आईवडील मुदत संपल्यावरही ते दुसऱ्याच्याच गळ्यात राहावे म्हणून धडपडतात. ताब्याची ओढ आणि मुलाची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ ही हिंदी कादंबरी १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आली. बंटी प्राचार्य असलेल्या आईजवळ राहतो. वडील कलकत्त्याहून येऊन त्याला भेटतात. आईच्या पुनर्विवाहानंतर तो नव्या घरात उपरा होतो, वडिलांच्या नव्या संसारातही त्याला जागा सापडत नाही, आणि अखेर वसतिगृहाची वाट उरते. त्याला कोणी उपाशी ठेवत नाही. हेळसांडीचा आरोप कोणत्याही प्रतिज्ञापत्रात टिकणार नाही. तरीही वाचकाला दिसते ती हेळसांडच.

दोहोंच्या निवेदनरीतीत महत्त्वाचा भेद आहे. मुलांना जे जाणवते त्या मानाने त्यांच्याजवळ शब्द अपुरे असतात, ही जाणीव जेम्स यांनी आपल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. म्हणून मेझीचे आकलन निवेदकाच्या प्रौढ, उपरोधिक भाषेतून प्रकटते. भंडारी यांचे निवेदन बंटीच्या नजरेजवळ राहते. तेथे रुसवे, हट्ट आणि खेळणी यांतूनच दुःख बोलते. एकीकडे मौन, दुसरीकडे हट्ट. आणि न्यायालयात दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा धोका सारखाच.

यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने आईवडील दोघांचेही प्रेम व सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क मानला. ‘ताबा’ या शब्दाच्या पलीकडे जाणारे हे पाऊल आहे. सुटी ही आईवडिलांत वाटायची मालमत्ता नसून मुलाचे देणे आहे, असा त्याचा आशय घेता येतो. निकाल काय द्यावा हे कादंबरी सांगत नाही. गप्प बसलेल्या किंवा हट्टाला पेटलेल्या मुलाला काहीच कळत नाही असे गृहीत धरू नये, एवढे मात्र ती निश्चित शिकवते.