‘इंटरेस्ट’ ह्या शब्दाचे अर्थ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. ती अशी कीं, ह्या भाषेंत एकाच शब्दाचे इतके अर्थ असतात कीं, पाठ तरी किती करावे? तक्रार अगदींच निराधार आहे असें नाहीं. तथापि हा प्रकार एकट्या इंग्रजींतच आढळतो असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या कडा गांवचें नांवच पाहा. डोंगराचा तुटलेला उभा भाग तो कडा. ताटाच्या किंवा लुगड्याच्या कांठांनाहि कडा म्हणतात. आणि आष्टी तालुक्यांतील आमचें गांव तेंहि कडाच. तरी ‘कड्याला बाजार करून आलों’ असें कोणी म्हटल्यास तो डोंगर उतरून आला असें आपण समजत नाहीं. ‘बाजार’ हा शेजारचा शब्द आपणांस खरा अर्थ सांगतो. इंग्रजी शब्दांचा अर्थहि असाच त्यांच्या शेजाऱ्यांना विचारावा लागतो. उदाहरणादाखल ‘इंटरेस्ट’ हा नित्याचा शब्द घेऊं.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘इंटर’ म्हणजे मध्यें आणि ‘एस्से’ म्हणजे असणें. मिळून अर्थ झाला ‘मध्यें असणें’. मध्ययुगीन युरोपांत कर्जावर वाढ घेणें धर्मनियमानें निषिद्ध होतें. परंतु ऋणकोनें ठरल्या वेळीं पैसे न दिल्यामुळें धनकोचें मध्यंतरीं जें नुकसान होई, त्याची भरपाई मागण्यास मुभा असे. त्या भरपाईस हें नांव पडलें, आणि पुढें कर्जावरील सर्वच वाढीस तें लागूं झालें. दुसरीकडे, एखादी वस्तु व आपण ह्यांच्या मध्यें कांहीं संबंध असला, म्हणजे त्या संबंधासहि हाच शब्द योजूं लागले. मूळ ध्यानांत ठेविलें, तर पुढील चारहि अर्थ एका कुटुंबांतले आहेत हें सहज दिसेल.

पहिला अर्थ गोडी अथवा आवड. एखाद्या मुलास गणितांत ‘इंटरेस्ट’ आहे, म्हणजे त्याचें मन तेथें रमतें. दुसरा अर्थ हित. आईबाप मुलाच्या ‘इंटरेस्ट’साठीं त्यास रागें भरतात, म्हणजे त्याच्या कल्याणासाठीं. तिसरा अर्थ भाग, हक्क किंवा हितसंबंध. जमिनीच्या कागदांत ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ असे शब्द येतात. तेथें शेतकामाच्या आवडीशीं कांहीं कर्तव्य नसून शेतांतील हक्काशीं आहे. चौथा अर्थ व्याज.

आतां समानार्थी शब्द. गोडी ह्या अर्थीं इंग्रजींत ‘क्युरिऑसिटी’ आहे, पण तिच्यांत केवळ जाणून घेण्याची इच्छा असते. ‘कन्सर्न’ मध्यें काळजी मिसळलेली असते. मराठींतहि कुतूहल, आवड, आस्था व कळकळ ह्या एकापुढील एक पायऱ्या आहेत. शेजाऱ्याच्या आजाराविषयीं कुतूहल असणें निराळें आणि कळकळ असणें निराळें! व्याजासाठीं पूर्वीं ‘युझरी’ हा शब्द होता. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत मत्तयकृत शुभवर्तमानांतील चाकरांच्या दाखल्यांत तोच आहे. पुढें त्यास ‘अवाच्या सवा व्याज’ असा वाईट अर्थ चिकटला, म्हणून इ. स. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत त्या जागीं ‘इंटरेस्ट’ घातला गेला.

दोन शब्दांविषयीं मात्र विशेष सावध असावें. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्यास गोडी नाहीं तो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाहीं तो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा अवश्य असावा, पहिल्या प्रकारचा कदापि नसावा.

आपल्या ‘व्याज’ शब्दाची गंमतहि कमी नाहीं. संस्कृतांत व्याज म्हणजे मिष, निमित्त किंवा कपट. म्हणूनच आपण ‘निर्व्याज प्रेम’ म्हणतों, तेव्हां तें बिनव्याजी कर्जासारखें आहे असा अर्थ नसून तें निष्कपट आहे असा असतो.

हा सर्व विचार केवळ परीक्षेपुरता नाहीं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे पालक शेतकरी आहेत, आणि घरीं आलेला इंग्रजी कागद वाचण्याचें काम बहुधा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे येतें. त्या कागदावर ‘कंपाऊंड इंटरेस्ट’ असेल आणि मुलानें दोन्ही शब्दांचे ओळखीचेच अर्थ लाविले, तर ‘आवाराच्या भिंतीची गोडी’ असें भाषांतर होईल! हसूं येतें खरें. पण अर्थ आहे चक्रवाढ व्याज. दहा हजार रुपयांवर दर साल दर शेकडा १२ प्रमाणें तीन वर्षांचें सरळव्याज ३,६०० रुपये होतें. वर्षाच्या अखेरीस व्याज मुदलांत मिळवीत गेल्यास तेंच सुमारें ४,०४९ रुपये होतें. तसेंच शेकडा तीन ‘पर ॲनम’ म्हणजे दहा हजारांवर वर्षाला ३०० रुपये, आणि शेकडा तीन ‘पर मंथ’ म्हणजे सरळव्याजानेंहि ३,६०० रुपये. एका शब्दानें बारापट अंतर पडलें.

इ. स. १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें व आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या संतापाचीं कारणें अनेक होतीं. पण आपणांस वाचतां न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवावा लागणें, हें त्यांपैकीं एक होतें. पुढें इ. स. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा असें ठरविलें. कायद्यानें दिलेलें संरक्षण मोलाचें खरें, पण घरांतच वाचणारा असला तर त्याहून बरें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, कोश उघडल्यावर पहिल्या अर्थावर थांबूं नका. मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश इ. स. १८४७ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि बाबा पदमनजींनीं इ. स. १८६० मध्यें ‘शब्दरत्नावली’ हा मराठी समानार्थी शब्दांचा संग्रह दिला. अशा विद्वानांनीं एकेका शब्दापुढें अनेक शब्द मांडले ते आपण त्यांतून निवड करावी म्हणून. प्रत्येक अर्थ वाक्यांत घालून पाहा. जो आजूबाजूच्या शब्दांशीं जुळेल तो घ्या. आणि पालकांस विनंति कीं, मुलगा किंवा मुलगी कागद वाचून दाखवील तेव्हां घाई करूं नका. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा, आणि तो पटल्यावांचून सही करूं नका.