घरगुती फाटकाची मोटर

घराच्या आवाराचे लोखंडी फाटक किंवा वाहनघराचे शटर विजेच्या साहाय्याने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या यंत्रास घरगुती फाटकाची मोटर असे म्हणतात. विद्युत मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रांची पेटी, नियंत्रक बोर्ड आणि रिमोट हे या यंत्राचे मुख्य भाग होत. जुनी मोटर निकामी झाल्यावर तिच्या जागी नवी निवडताना कोणत्या बाबी पाहाव्यात, याचे विवेचन या लेखात प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर व मराठवाड्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर हे दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. मलिक अंबराने इ.स. १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा, तसेच दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा आजही उभे आहेत. दरवाजा उघडायचा म्हणजे माणसांनी तो ढकलायचा, ही रीत शतकानुशतके चालत आली. विजेवर चालणारे घरगुती दरवाजे प्रथम अमेरिकेत आले. तेथे सी. जी. जॉन्सन यांनी इ.स. १९२१ मध्ये वाहनघराचा वर उचलला जाणारा दरवाजा तयार केला आणि १९२६ मध्ये तो उघडणारे विद्युत यंत्र आणले. आवाराच्या फाटकांसाठी लागणाऱ्या यंत्रांचा विकास मात्र मुख्यत्वे इटलीत झाला. या क्षेत्रातील फाक ही कंपनी १९६५ साली बोलोन्या येथे स्थापन झाली.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या घरी छताला समांतर सरकणारा आणि स्प्रिंगांनी तोललेला दरवाजा सर्रास आढळतो. महाराष्ट्रात तो विरळाच. येथे वाहन बहुधा कंपाउंडच्या आत, पोर्चमध्ये उभे केले जाते. त्यामुळे मोटर बसते ती कंपाउंडच्या फाटकाला.

प्रकार

सरकते फाटक जमिनीतील रुळावर चाकांच्या आधारे धावते. फाटकाच्या तळाशी एक दातेरी पट्टी जोडलेली असते. कारागीर तिला रॅक म्हणतात. मोटरीचे दंतचक्र या पट्टीत अडकून फिरते आणि फाटक पुढेमागे सरकते. दोन पानांच्या फाटकाला प्रत्येक पानामागे ढकलदांड्याची एक, अशा दोन मोटरी लागतात. असे फाटक पूर्ण पत्र्याचे असेल, तर वळवाच्या वाऱ्यात त्याचे शीड होते आणि सर्व भार त्या दांड्यावर येतो. तेथे जाळीदार पान किंवा अधिक ताकदीची मोटर, यांपैकी एकाची निवड करावी लागते. सिडकोच्या वसाहतींतील कमी रुंदीच्या रो-हाउसना फाटक बाजूला सरकवण्याइतकी भिंत मिळत नाही. अशा ठिकाणी एकामागे एक सरकणारी दुहेरी पाने, घडीचे फाटक किंवा गुंडाळले जाणारे शटर वापरतात.

शटरच्या मोटरीत एक महत्त्वाचा भेद आहे. काही शटर दांड्यातील स्प्रिंगांनी तोललेले असतात. त्यांना मध्यभागी बसणारी मोटर चालते, कारण तिला फक्त उरलेला भार उचलायचा असतो. बाजूला बसून साखळीने दांडा फिरवणारी मोटर संपूर्ण शटर स्वतः उचलते. या दोहोंची अदलाबदल करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. बाजूच्या मोटरीसोबत, साखळी तुटली तरी शटर कोसळू न देणारा स्वतंत्र रोधक घेतलाच पाहिजे.

आधी फाटक, मग मोटर

मोटर जळाली की नवी आणावी, हा सर्वसाधारण समज आहे. परंतु बऱ्याच वेळा मोटर हा रोग नसून रोगाचे लक्षण असते. जड झालेले फाटक ओढून ओढून मोटर तापते आणि जळते. त्याच फाटकाला नवी मोटर लावली, तर तीही त्याच वाटेने जाते. म्हणून खरेदीपूर्वीची पहिली परीक्षा मोटर सोडवून फाटक हाताने ढकलून पाहण्याची आहे. प्रत्येक मोटरीला किल्लीने उघडणारी एक कळ असते. ती फिरवली की दंतचक्र मोकळे होते. या अवस्थेत सरकते फाटक एका माणसाने एका हाताने, न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता आले पाहिजे. सामान तोलण्याचा हुकाचा काटा फाटकाला अडकवून ओढल्यास हा जोर प्रत्यक्ष मोजताही येतो. सुमारे ४०० किलोच्या सुस्थितीतील फाटकास १० ते १५ किलोच्या आसपास ओढ पुरते. काटा ३०-४० किलो दाखवत असेल, तर दोष चाकांत, बेअरिंगमध्ये किंवा रुळात आहे असे समजावे.

मराठवाड्यात या दोषाचे एक कारण पायाखालीच असते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मुरमापर्यंत न नेलेला खांब या हालचालीबरोबर कलतो, रूळ मध्येच उचलला जातो किंवा खचतो. जे फाटक वैशाखात सुरळीत चालते आणि भाद्रपदात अडते, त्याच्या मालकाने मोटरवाल्याऐवजी आधी गवंड्याला बोलवावे. उष्णतेचाही थोडा वाटा असतो. लोखंडाची लांबी एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत पत्र्याच्या तापमानाचा फरक ४० अंश धरला, तर ५ मीटर लांबीचे फाटक सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. हे थोडे वाटते खरे. पण टोकाला काटेकोर बसवलेला अडसर अडकण्यास एवढे पुरेसे असते.

दातेरी पट्टी आणि मोटरीचे दंतचक्र यांत एक ते दोन मिलिमीटरची फट हवी. चाके झिजली की फाटक खाली बसते, ही फट संपते आणि फाटकाचे वजन दंतचक्रावर येते. मग दात तुटतात. अनेक ठिकाणी नुसती चाके बदलून आणि पट्टी उचलून घेऊन जुनीच मोटर पुढे चालू शकते. तसेच मोटर गुणगुणते पण फिरत नाही, अशी तक्रार असल्यास कपॅसिटर तपासावा. कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. मोटरीच्या मानाने हा सुटा भाग अगदी स्वस्त असतो.

क्षमतेची निवड

मोटरीवर ४००, ६००, ८०० किंवा १००० किलो असा आकडा दिलेला असतो. हे त्या यंत्राने सरकवायच्या फाटकाचे कमाल वजन होय. घरमालकास आपल्या फाटकाचे वजन सहसा ठाऊक नसते, परंतु ते काढणे कठीण नाही. लोखंडाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो आहे. म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो भरतो. ४ मीटर लांब आणि १.८ मीटर उंच फाटकाचे क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर. त्याचा एकेरी पत्रा ११३ किलोचा. त्यात चौकटीचे चौकोनी पाइप, आडवे पट्टे, चाके आणि नक्षीकाम मिळवले की आकडा सहज दुप्पट होतो. दोन्ही बाजूंनी पत्रा असेल, तर तो आणखी वाढतो. आलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची मोटर घेणे व्यवहार्य ठरते. त्याहून फार मोठी मोटर घेण्यात शहाणपणा नाही, कारण जास्त जोराची मोटर आडवे काही आले तरी थांबण्याऐवजी रेटत राहण्याचा धोका वाढतो.

वजनाइतकेच महत्त्व वापराला आहे. माहितीपत्रकात ३० टक्के असा आकडा असल्यास दहा मिनिटांत तीन मिनिटे चालण्याची त्या मोटरीची क्षमता आहे, असा त्याचा अर्थ. एका कुटुंबाला हे पुष्कळ झाले. बारा सदनिकांच्या इमारतीला सकाळी नऊच्या सुमारास ते पुरणार नाही.

घरगुती मोटरी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती किंवा २४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. पहिल्या प्रकारची रचना साधी असते आणि तिची दुरुस्ती जवळपास होऊ शकते. दुसरी हळू सुरू होते, हळू थांबते, अडथळा लवकर ओळखते आणि बॅटरीवर चालते. जेथे वीज वारंवार जाते आणि घरात वयस्कर माणसे आहेत, तेथे २४ व्होल्टची मोटर अधिक सोयीची, असे म्हणावे लागते.

जुन्या पायावर नवे यंत्र बसेलच असे नाही. पायातील बोल्टांचे अंतर, दंतचक्राची उंची आणि दातेरी पट्टीच्या दातांचे माप कंपनीगणिक बदलू शकते. ही तीन मापे कागदावर लिहून आणि जुन्या यंत्राच्या नावपट्टीचे छायाचित्र घेऊन दुकानात जावे.

सुरक्षितता

शेकडो किलोचे फाटक सावकाश सरकते म्हणून ते निरुपद्रवी वाटते; मुले त्याला लोंबकळतात. फाटक आणि खांब यांच्यामधली शेवटची हातभर जागा सर्वांत धोक्याची. अमेरिकेत दरवाजाखाली मुले सापडून मृत्यू झाल्यानंतर १९९० च्या कायद्याने, १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळा येताच उलट फिरण्याची व्यवस्था अनिवार्य केली. युरोपीय मानकानुसार बंद होताना चिमटण्याच्या जागी फाटकाचा जोर ४०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४० किलोच्या भाराच्या मर्यादेत राहावा आणि तो पाऊण सेकंदात ओसरावा लागतो.

यासाठी खांबांवर समोरासमोर प्रकाशकिरणाची जोडी बसवतात. किरण तुटला की फाटक थांबते किंवा परत उघडते. पैसे वाचवण्यासाठी अनेकदा याच जोडीवर काट मारली जाते, आणि बोर्डावरील तिच्या जागी तारेचा तुकडा जोडून यंत्र चालू केले जाते. खर्च कमी करायचाच असेल, तर मोबाइलवरून फाटक उघडण्याची सोय सोडावी. ही जोडी सोडू नये. जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर ती बसवल्यास रांगते मूलही बहुतेक वेळा टिपले जाते. नवे यंत्र ताब्यात घेताना कारागिरासमोर फाटक बंद होत असताना मध्ये पुठ्ठ्याचे खोके ठेवून परीक्षा घ्यावी. खोके चेपले, तर जोराची मर्यादा कमी करून घ्यावी. रुळाच्या टोकांना लोखंडी अडसर आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे. ते नसल्यास लिमिट स्विच बिघडताच फाटक मार्गदर्शक रोळ्यांतून निसटून आडवे पडू शकते.

जुन्या वाड्यांच्या महाद्वारात माणसांच्या ये-जा करण्यासाठी दिंडी दरवाजा असे. ही पद्धत मोटरीच्या काळातही उपयोगाची आहे, कारण दूध घ्यायला दोनशे किलो लोखंड हलवण्याचे कारण उरत नाही. मात्र दिंडी उघडी असताना मोटर चालू न देणारा स्विच तिच्या चौकटीत असावा. आणि मोटर सोडवण्याची किल्ली घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. रात्री रुग्णवाहिका दारात असताना ती शोधण्याची वेळ येऊ नये.

वीज, पाऊस आणि रिमोट

मोटरीला स्वतंत्र एमसीबी, तीन तारांची केबल आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच द्यावा. लोखंडी फाटकाला ओल्या हातांनी स्पर्श होतो, म्हणून अर्थिंगबाबत तडजोड नको. वळवाच्या विजांमुळे होणारी बोर्डांची हानी टाळण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर बसवतात. मोटरीचा चौथरा पावसाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा. केबलच्या नळीचे तोंड बुजवले नाही, तर मुंग्या आणि पाली उबेसाठी पेटीत शिरतात आणि बोर्ड निकामी करतात.

जुन्या रिमोटमधील संकेत ठरावीक असतो. त्याची नक्कल बाजारात चटकन करून मिळते. नव्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबागणिक बदलणारा संकेत असतो आणि एकदा वापरलेला संकेत यंत्र पुन्हा स्वीकारत नाही. नवी मोटर घेताना हाच प्रकार मागावा. जुने घर विकत घेतल्यास किंवा चालक, भाडेकरू बदलल्यास बोर्डाच्या स्मृतीतील सर्व रिमोट पुसून फक्त हातातले पुन्हा नोंदवून घ्यावेत.