राईनपाड्यानंतर ऐकू येणारी काही वाक्यं

१ जुलै २०१८. रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतल्या पाच जणांना तिथे जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात बरेच दिवस फिरत होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारहाण झाली.

या घटनेचा विषय निघाला की काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात. ती तपासून पाहायला हवीत, कारण त्यांच्या आडून आपण सगळेच जबाबदारीतून निसटतो.

‘मोबाइल आला आणि हे सुरू झालं.’

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ होती. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तिथे रोग्यांना मारून टाकतात, अशी अफवा गिरणगावात पसरली. २९ तारखेला गिरणी कामगारांचा मोठा जमाव रुग्णालयावर चालून गेला. आज तिथे कस्तुरबा रुग्णालय आहे. त्या वेळी कामगारांच्या खिशात फोन नव्हता; पण रोग्याला घरच्यांपासून तोडून नेणारं सरकार होतं आणि त्या सरकारवर काडीचाही विश्वास नव्हता. अफवेला तेवढं भांडवल पुरतं.

मोबाइलने त्यात तीन गोष्टींची भर घातली: वेग, चित्र आणि ओळखीच्या माणसाचं नाव. तिसरी गोष्ट मला सर्वांत घातक वाटते. मूळ मजकूर कुणाचा हे कळत नाही, पण पाठवणारा आपला मेहुणा असतो, शाळेतला वर्गमित्र असतो. मेहुण्यावरचा विश्वास आपण नकळत त्या मजकुरावर टाकतो.

‘व्हिडिओ आहे, मग खोटं कसं?’

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होताना दिसतात. दृश्य खरंच चित्रित केलेलं होतं, पण पाकिस्तानातल्या कराचीत, आणि तेही मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणाऱ्या जाहिरातीसाठी. मूळ फितीत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. मुलांना वाचवण्यासाठी काढलेल्या जाहिरातीने आपल्याकडे माणसं मारण्याचं कारण पुरवलं. चित्र खोटं नसतानाही त्याचं गाव, तारीख आणि शेवट काढून घेतला की ते खोटं बोलू लागतं. म्हणून ‘हा व्हिडिओ खरा आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. कुठला, कधीचा आणि पुढे काय झालं, हेही विचारावं लागतं.

‘अडाणी लोकच फसतात. बाकी सगळं बनावट खात्यांचं काम.’

या दोन्ही समजुती आपल्याला सोयीच्या आहेत. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघाली. आपोआप चालणारी खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच राहिलं; खोट्याचा हा जादा वेग माणसांनीच दिलेला होता. नवलाची, घृणा वाटायला लावणारी गोष्ट आपण चटकन पुढे ढकलतो. शिक्षणाने ती खोड आपोआप जात नाही.

‘पण तो माणूस संशयास्पद होताच ना?’

इथे थांबायला हवं, कारण खरं दुखणं इथे आहे. गोसावी, बहुरूपी, नंदीबैलवाले ठरावीक हंगामात, ठरावीक वाटांनी गावात येत. कोण कुठला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे. आता तरुण पोटापाण्यासाठी शहरात गेले, करमणूक फोनमध्ये आली आणि ही ओळख पुसली गेली. त्यात जुना कलंक आहेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला, पण शिक्क्यामागची नजर कायम राहिली. ‘मुलं पळवणारे’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर भिक्षेकरी उभा राहतो, तो मेसेजमुळे नाही. तो आधीपासूनच मनात असतो.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. टाळेबंदी होती, कांदिवलीहून ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. मागोमाग दुसरी अफवा आली: मारणारे मुसलमान होते. अखेर गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नसल्याचं सांगावं लागलं. पहिल्या अफवेने तीन माणसं मारली आणि दुसरी त्यांच्या मृत्यूवर आणखी वैर पेरायला निघाली होती.

‘मी फक्त फॉरवर्ड केलं, जबाबदारी ॲडमिनची.’

नेमकं उलट. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरात ॲडमिनचा हात नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. पाठवणारा मात्र स्वतः उत्तरदायी असतो. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३५३ खोटी माहिती आणि अफवा पसरवण्याविषयी आहे, आणि त्यात मजकूर पुढे पाठवणंही येतं.

‘इंटरनेट बंद करा, सगळं शांत होईल.’

जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, तेव्हा तिथे इंटरनेट बंद ठेवलं गेलं. काही तासांची उसंत त्यातून मिळू शकते. पण अफवा तोंडोतोंडी चालू राहते आणि तिचं खंडन करणारा मजकूर अडकून पडतो. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, ते योग्यच झालं. गावातला संशय मात्र तिने हटत नाही.

तेलंगणातल्या जोगुळांबा गदवाल जिल्ह्यात २०१८ मध्ये पोलिसांनी वेगळी वाट धरली. तिथल्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावागावांसाठी पोलीस नेमून दिले. ते गावात जाऊन बसत, लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये राहत, आलेला मेसेज खरा की खोटा ते तिथल्या तिथे सांगत. लोककलाकारांना घेऊन अफवांविरुद्ध गाणी रचली गेली. शंका आली तर कुणाला फोन करायचा, हे त्यामुळे गावाला ठाऊक होतं, आणि फोन उचलणाऱ्याचा चेहराही ओळखीचा होता.